दक्षिणेतलं पुढारलेलं राज्य: नॉर्थ कॅरोलायना आणि शेजारी

प्रेषक: एडिसन, न्यू जर्सीहून

नमस्कार मंडळी,

तुमच्या यादीवर मी नवीन आहे, शार्लटमधल्या मावसभावाने नाव घालून दिलं. नवऱ्याला शार्लटला नोकरी मिळाली आहे, शाळेचं वर्ष संपलं की आम्ही तिकडे येऊ. घरासाठी दोन जागा पुढे आल्या आहेत. एक शार्लटच्या दक्षिण टोकाला बॅलन्टाइन, दुसरी हद्दीपलीकडे साउथ कॅरोलायनात फोर्ट मिल. फोर्ट मिलला तेवढ्याच पैशात घर मोठं मिळतंय.

पण मला घराबद्दल विचारायचं नाहीये. इथे जो तो सांगतो की दक्षिणेत असूनही नॉर्थ कॅरोलायना वेगळं आहे, पुरोगामी आहे, शेजाऱ्यांसारखं नाही. आम्हाला दुसरं मूल हवं आहे आणि माझी पस्तिशी उलटली आहे. मोठी मुलगी पाचवीत आहे. म्हणून मला कायदे काय आहेत आणि ते कोण करतं, हे नीट समजून घ्यायचं आहे. या राज्याची ही ख्याती खरी आहे का? स्पष्ट लिहिलंत तर बरं होईल.

---

प्रेषक: आप्पा, कॅरी

नमस्कार,

ख्याती खरी आहे आणि ती कमावलेली आहे. मी ऐंशीच्या दशकात आलो तेव्हा कॅरी म्हणजे रॅलीबाहेरचं लहानसं गाव होतं. आज इथे व्यंकटेश्वराच्या देवळाचं गोपुर उभं आहे आणि शेजारच्या मॉरिसव्हिलमध्ये भाजी घ्यायला गेलं तर चार भारतीय भाषा कानावर पडतात. हे आपोआप झालेलं नाही.

हे राज्य गरीब होतं. तंबाखू, कापडगिरण्या आणि फर्निचर, बाकी काही नाही. पण 1795 साली चॅपल हिलला विद्यापीठ सुरू झालं, सार्वजनिक विद्यापीठांपैकी देशात सगळ्यात आधी दारं उघडलेलं. विद्यापीठाचं शिक्षण लोकांना शक्य तितकं विनामूल्य मिळावं, असं राज्याच्या घटनेत लिहिलेलं आहे. 1959 मध्ये रिसर्च ट्रँगल पार्क ही संशोधन कंपन्यांची वसाहत झाली, 1965 मध्ये तिथे आयबीएम आली. गव्हर्नर टेरी सॅनफर्ड यांनी शाळांसाठी पैसा हवा म्हणून अन्नधान्यावर विक्रीकर लावला आणि त्याबद्दल लोकांच्या शिव्या खाल्ल्या. त्यांच्याच कारकिर्दीत, 1963 मध्ये, कम्युनिटी कॉलेजांची व्यवस्था उभी राहिली. आज अशी 58 कॉलेजं आहेत, म्हणजे राज्यात कुठेही राहिलात तरी गाडीने जाऊन संध्याकाळी शिकता येतं. नर्सिंग शिकून आयुष्य बदललेल्या आपल्याच मंडळातल्या दोन-तीन बायका मी सांगू शकेन. पुढे जिम हंट आले. त्यांच्या काळात डरॅमला गणित-विज्ञानाची निवासी सरकारी शाळा निघाली, 1993 मध्ये लहान मुलांसाठी ‘स्मार्ट स्टार्ट’ सुरू झालं.

आता शेजारी बघा. गरिबांच्या मेडिकेड विम्याचा विस्तार आपल्याकडे झाला. साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि टेनेसी यांनी तो अजून केलेला नाही. आणि ग्रीन्सबरोला जाल तेव्हा वूलवर्थचं जुनं दुकान नक्की बघा. 1 फेब्रुवारी 1960 ला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी तिथल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या काउंटरवर जाऊन बसले, त्यांना कॉफी नाकारली तरी ते उठले नाहीत. तो काउंटर आणि ती गोल स्टुलं आता संग्रहालयात आहेत. ते आंदोलन इथून देशभर गेलं.

तेव्हा बॅलन्टाइनच घ्या.

---

प्रेषक: फोर्ट मिलहून

आप्पा, तुमच्याबद्दल आदर ठेवून लिहिते. हे वाचून मला वाईट वाटलं. राज्याची हद्द ओलांडली की अंधार, असं चित्र नका उभं करू.

मी फोर्ट मिलला राहते. बॅलन्टाइनच्या बायका आणि मी एकाच देवळात जातो, एकाच दुकानातून इडलीचं पीठ आणतो, आणि दिवाळीच्या आधी शार्लटची निम्मी मंडळी फटाके घ्यायला आमच्याकडे येतात, कारण तुमच्याकडे फुलबाजीपलीकडे फारसं काही विकायला परवानगी नाही. रोजच्या जगण्यात हद्द कुठे लागते ते कळतसुद्धा नाही.

आणि कोण कोणाला निवडून देतं, हे बघायचं तर तेही बघू. बॅम्बर्गसारख्या छोट्या गावात वाढलेली, पंजाबी आईबापांची मुलगी निक्की हेली आमच्या राज्यात दोनदा गव्हर्नर म्हणून निवडून आली. 2015 मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमधल्या हत्याकांडानंतर विधिमंडळाच्या आवारातला कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा, तिच्या कारकिर्दीत उतरला. कृष्णवर्णीय टिम स्कॉट इथून सेनेटवर निवडून आले. नॉर्थ कॅरोलायनाने आजवर एकही कृष्णवर्णीय गव्हर्नर किंवा सेनेटर निवडून दिलेला नाही. 1990 मध्ये शार्लटचे माजी महापौर हार्वी गँट हे कृष्णवर्णीय उमेदवार सेनेटसाठी उभे होते, तर त्यांचे प्रतिस्पर्धी जेसी हेल्म्स यांनी गोऱ्या मतदारांना तुमच्या नोकऱ्या कृष्णवर्णीयांना जातील अशी भीती घालणारी जाहिरात केली आणि ते जिंकले. हेल्म्स तीस वर्षं सेनेटमध्ये बसले, तुमच्या राज्याच्या मतांवर.

शाळा चांगल्या आहेत, शेजारी मदतीला धावून येतात. बाई, तू फोर्ट मिल बघून तर जा.

---

प्रेषक: माई, चॅपल हिल

सगळ्यांना नमस्कार.

दोघांचंही वाचलं. आप्पांनी लिहिलं ते खरं आहे आणि फोर्ट मिलच्या ताईने हेल्म्सचं लिहिलं तेही खरं आहे. पण या दोन गोष्टी एकाच राज्यात कशा नांदतात ते कोणी सांगितलं नाही, आणि मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मी बरीच वर्षं निवडणुकीत मतदान केंद्रावर काम करते, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. थोडं लांब लिहीन.

हे राज्य लोकांसाठी बांधायला नेहमी तयार असतं. सत्ता लोकांच्या हातात द्यायची वेळ आली की मागे सरतं. 1900 साल बघ. त्याच्या दोन वर्षं आधी, नोव्हेंबर 1898 मध्ये, विल्मिंग्टनला गोरे आणि काळे मिळून चालवत असलेलं निवडून आलेलं नगरसरकार बंदुकीच्या जोरावर उलथून टाकलं, माणसं मारली, कित्येकांना गाव सोडायला लावलं. त्या लाटेवर 1900 मध्ये चार्ल्स एकॉक गव्हर्नर झाले. त्यांची ख्याती ‘शिक्षणाचे गव्हर्नर’ अशी. त्यांनी खरोखरच गावोगाव शाळा बांधल्या. आणि त्याच वर्षी मतदानासाठी साक्षरतेची परीक्षा घटनेत घातली गेली, जी गोऱ्यांना आजोबांच्या नावावर माफ होती आणि काळ्यांना आडवी यायची. शाळा देणारा आणि मत काढून घेणारा माणूस एकच. ते साक्षरतेचं कलम आजही राज्याच्या घटनेत छापलेलं आहे. ते लागू करता येत नाही, पण काढलेलंही नाही.

बायकांच्या मताचं घे. ऑगस्ट 1920 मध्ये एकोणिसाव्या घटनादुरुस्तीला शेवटच्या एका राज्याची संमती हवी होती. ती टेनेसीने दिली, एका मताच्या फरकाने. हॅरी बर्न नावाच्या तरुण आमदाराने आईचं पत्र वाचून मत बदललं म्हणून. ज्या टेनेसीकडे आपण आज मागासलेलं म्हणून बोट दाखवतो, तीच ही टेनेसी. नॉर्थ कॅरोलायनाने त्या दुरुस्तीला संमती दिली 1971 मध्ये. व्हर्जिनियाने 1952 मध्ये, साउथ कॅरोलायनाने 1969 मध्ये आणि जॉर्जियाने 1970 मध्ये दिली होती. म्हणजे आपण या चारही शेजाऱ्यांच्या मागे होतो.

आणखी एक नाव सांगते, कारण ते भारताशी जोडलेलं आहे. फ्रँक पोर्टर ग्रॅहम हे इथल्या विद्यापीठाचे अध्यक्ष, दक्षिणेतल्या उदारमतवादी माणसांत अग्रगण्य. 1950 मध्ये सेनेटच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, ते पहिल्या फेरीत पुढे होते. दुसऱ्या फेरीत ‘गोऱ्यांनो, जागे व्हा’ अशी पत्रकं वाटली गेली आणि ते हरले. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी त्यांना काश्मीर प्रश्नावर मध्यस्थ म्हणून भारत-पाकिस्तानात पाठवलं. ज्या माणसावर जगाने एवढी जबाबदारी टाकली, तो या ‘पुढारलेल्या’ राज्याला सेनेटमध्ये नको होता.

शाळांतल्या वर्णभेदाचंही तसंच. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने काळी मुलं शाळेत घेण्यापेक्षा 1959 ते 1964 सरकारी शाळाच बंद ठेवल्या. आपण तसलं काही केलं नाही. शार्लट, ग्रीन्सबरो आणि विन्स्टन-सेलम यांनी 1957 मध्ये मोजकी मुलं शाळेत घेतली आणि बाकीची वर्षानुवर्षं ताटकळत ठेवली. शार्लटला डोरोथी काउंट्स ही पंधरा वर्षांची मुलगी शाळेत गेली तेव्हा तिच्यावर थुंकले, दगड मारले. चार दिवसांनी घरच्यांनी तिला काढून घेतलं. शाळेकडे ताठ मानेने चाललेल्या त्या मुलीचा आणि मागे खिदळणाऱ्या पोरांचा फोटो प्रसिद्ध आहे. तुझी मुलगी जरा मोठी झाली की तिला दाखव.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल आपण मंडळात कधी बोलत नाही. 1929 ते 1974 या काळात राज्याच्या एका मंडळाच्या मंजुरीने सुमारे 7,600 लोकांची नसबंदी झाली, पुष्कळांची सक्तीने. गरीब, मतिमंद ठरवलेल्या, शेवटी शेवटी बहुतांश काळ्या बायका. हे काम चालू होतं तेव्हा ट्रँगल पार्क उभं राहत होतं, कॉलेजं निघत होती. 2013 मध्ये राज्याने भरपाई मंजूर केली, आणि अशी भरपाई देणारं हे देशातलं पहिलं राज्य. दोन्ही नोंदी याच राज्याच्या नावावर आहेत.

आता आजचं. तुला ज्याची काळजी आहे तिथून सुरू करते. गर्भपाताचा कायदा नॉर्थ कॅरोलायनात बारा आठवड्यांपर्यंत, त्यातही आधी प्रत्यक्ष जाऊन सल्ला घ्यायचा आणि मग 72 तास थांबायचं. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियात साधारण सहा आठवडे, म्हणजे पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं कळेपर्यंत मुदत संपलेली. टेनेसीत जवळजवळ पूर्ण बंदी. पस्तिशीनंतरच्या गरोदरपणात ज्या तपासण्या होतात त्यांचे निकाल पुष्कळदा बाराव्या आठवड्याच्या आसपास किंवा नंतर येतात. गर्भातल्या गंभीर व्यंगासाठी दोन्ही कॅरोलायनांत अपवाद आहेत, पण ते सारखे नाहीत. तेव्हा आल्यावर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे स्पष्ट विचार. ताई, देऊळ एक आणि इडलीचं पीठ एक हे मला मान्य आहे, पण या बाबतीत हद्द कळते.

पण हा बारा आठवड्यांचा कायदा आला कसा? गव्हर्नर रॉय कूपर यांनी त्यावर व्हेटो वापरला होता. (गव्हर्नरला व्हेटोचा अधिकारच इथे 1997 मध्ये मिळाला, देशात सगळ्यात शेवटी.) व्हेटो मोडायला 120 जणांच्या सभागृहात 72 मतं लागली. शार्लटजवळून डेमोक्रॅट म्हणून निवडून आलेल्या एका आमदार बाईंनी एप्रिल 2023 मध्ये पक्ष बदलला, आणि रिपब्लिकन बरोब्बर 72 झाले. 2024 च्या निवडणुकीत त्यांचे 71 आले. एका जागेने केवढा फरक पडतो बघ.

मेडिकेडचं श्रेय आप्पांनी राज्याला दिलं. ते द्यायलाच हवं, पहिल्या वर्षभरात सहा लाखांवर लोकांना विमा मिळाला. हॉटेलच्या मुदपाकखान्यात, पेट्रोलपंपावर, डे-केअरमध्ये काम करणारी ही माणसं. आपल्यातलेही आहेत, लाजेने सांगत नाहीत. पण दहा वर्षं अडून राहून मग, 1 डिसेंबर 2023 ला ते सुरू झालं. आणि केंद्राचा वाटा 90 टक्क्यांखाली गेला तर विस्तार आपोआप बंद, असं कायद्यातच लिहून ठेवलंय. व्हर्जिनियात तो 2019 च्या जानेवारीत सुरू झाला होता.

कामगारांबाबत तर आपण पुढे नाहीच. किमान वेतन तासाला 7.25 डॉलर, साउथ कॅरोलायना आणि टेनेसीत मिळतं तेवढंच. सरकारी नोकरांच्या संघटनेने सरकारशी करार करायला 1959 च्या कायद्याने बंदी आहे, ती अजून उठलेली नाही. आपल्या मुलांच्या शिक्षिका याच कायद्याखाली काम करतात.

सगळ्यात जास्त मला सलतं ते मतदारसंघांचं. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्षाच्या फायद्यासाठी नकाशे कातरणं घटनाबाह्य आहे. नवा नकाशा झाला, काँग्रेसच्या 14 जागा दोन पक्षांत सात-सात वाटल्या गेल्या. त्याच नोव्हेंबरात न्यायाधीशांच्या निवडणुकीत बहुमत पालटलं. एप्रिल 2023 मध्ये त्याच न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला, नकाशा पुन्हा काढला गेला आणि 2024 मध्ये दहा रिपब्लिकन, चार डेमोक्रॅट झाले. त्याच 2024 मध्ये याच मतदारांनी गव्हर्नर, उपगव्हर्नर आणि ॲटर्नी जनरल डेमोक्रॅट निवडले आणि अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना कौल दिला. एवढी समसमान विभागलेली जनता आणि जागा दहा-चार.

आणि त्याच निवडणुकीत सर्वोच्च न्यायालयाची एक जागा ॲलिसन रिग्ज यांनी 734 मतांनी राखली, पंचावन्न लाखांवर मतांतून. त्यांचे प्रतिस्पर्धी 65 हजारांवर मतं बाद करा म्हणून कोर्टात गेले. मे 2025 पर्यंत निकाल अडकला होता. त्यातल्या बहुतेकांनी ओळखपत्र दाखवून रीतसर मत दिलं होतं, तरी त्यांच्या मतांवर ही हरकत होती.

तेव्हा पुढारलेलं की मागासलेलं, याचं माझं उत्तर असं. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या शेजाऱ्यांपेक्षा आज इथलं जगणं थोडं सुरक्षित आहे, आणि जे थोडं आहे ते गव्हर्नरच्या सहीवर, एका आमदारावर आणि काही शे मतांवर टिकलेलं आहे. हे कळल्यावर कुठलंही घर घे.

---

प्रेषक: रिचमंडहून

माई, तुम्ही व्हर्जिनियाला दोनदा हात लावून सोडून दिलंत. आमच्याकडे 2020 ते 2021 या दोन वर्षांत जे झालं ते दक्षिणेत आधी कुठे झालं नव्हतं. फाशी रद्द झाली, आणि वसाहतीच्या काळापासून देशात सर्वाधिक माणसं फासावर चढवणारं राज्य हेच होतं. समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांना नोकरीत आणि घर भाड्याने घेताना भेदभावापासून संरक्षण मिळालं. किमान वेतन वाढत वाढत 12 डॉलरच्या वर गेलं. 1989 मध्ये डग्लस वाइल्डर इथे गव्हर्नर म्हणून निवडून आले, देशात निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर. 2025 मध्ये ॲबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नर म्हणून निवडून आल्या आणि हैदराबादला जन्मलेल्या गझाला हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून.

हे घडलं याचं कारण वॉशिंग्टनलगतची उपनगरं. तिथे बाहेरून आलेल्या माणसांची संख्या वाढली आणि ती मतदानाला बाहेर पडली, त्यात आपले लोकही भरपूर. एक मात्र कबूल करायला हवं: गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला आमच्याकडे गव्हर्नरच्या मेहेरबानीशिवाय मताधिकार परत मिळत नाही, अशी आमची घटना सांगते. नॉर्थ कॅरोलायनात शिक्षा पूर्ण झाली की तो मिळतो.

---

प्रेषक: एडिसनहून

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही बॅलन्टाइन ठरवतोय. फोर्ट मिलच्या ताई, तुमच्याकडे मी नक्की येणार आहे.

माई, एक विचारायचं होतं. नवरा मागच्या वर्षी नागरिक झाला, माझं अजून ग्रीन कार्ड आहे. मतदानाचं कसं करायचं?

---

प्रेषक: माई, चॅपल हिल

तू नोंदणीच्या अर्जाला हातसुद्धा लावू नकोस. लायसन्सच्या ऑफिसात कोणी सवयीने ‘मतदार नोंदणी करायची का’ विचारलं तर नाही म्हण. नागरिक नसताना चुकून नोंदणी झाली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात मोठी अडचण येते.

नवऱ्याने पत्ता बदलला की लगेच नोंदणी करावी. नेहमीची मुदत मतदानाच्या 25 दिवस आधी संपते. ती हुकली तर अर्ली व्होटिंगच्या, म्हणजे मुख्य दिवसाआधी मत देण्याच्या काळात केंद्रावर जाऊन, पत्त्याचा पुरावा दाखवून, त्याच वेळी नोंदणी आणि मतदान दोन्ही करता येतं. साउथ कॅरोलायनात ही सोय नाही. फोटो ओळखपत्र लागेल. पक्ष निवडायची सक्ती नाही. ‘अनॲफिलिएटेड’ (कुठल्याच पक्षाचा नाही) लिहिलं तर मार्चच्या प्रायमरीत कुठल्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते, आणि आता राज्यात सगळ्यात जास्त मतदार याच गटात आहेत.

मतपत्रिका लांबलचक असते. आपली माणसं वरची दोन-तीन नावं भरून कागद मशीनमध्ये सरकवतात, हे मी केंद्रावर डोळ्यांनी बघते आणि जीव तुटतो. न्यायाधीश, राज्याचे आमदार, राज्याचे हिशेब तपासणारा ऑडिटर ही सगळी नावं खाली असतात. ऑडिटरने काय होतं असं कोणी म्हणालं तर सांग की निवडणूक मंडळ नेमण्याचा अधिकार आता गव्हर्नरकडून काढून त्याच्याकडे दिलेला आहे. नवऱ्याला नमुना मतपत्रिका घरी छापून घ्यायला लाव आणि दोघं मिळून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तुला मत नसलं तरी वाचायला हरकत नाही. शंका आली तर रात्री नऊपर्यंत मला फोन कर. नंबर मावसभावाकडे आहे.